एकाच नळीत दोघींचं रक्त

रिपोर्ट आला त्या दुपारी माझ्या थोरल्या दिरांनी अकोल्याच्या दवाखान्याची काच फोडली. बाहेर ठेवलेलं सॅनिटायझरचं लोखंडी स्टँड त्यांनी उचललं आणि डॉक्टर मॅडमच्या केबिनच्या दारावर घातलं. काच फुटून बाकांपर्यंत उडाली. नंबर पुकारणाऱ्या कंपाउंडरच्या भुवईत एक तुकडा शिरला आणि त्याचा पांढरा शर्ट बघता बघता लाल झाला. बायका ओरडत जिन्याकडे पळाल्या. मी पोटावर दोन्ही हात धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला चौथा महिना लागत होता.

मी वैशाली. माहेर तिवसा, सासर हिवरखेड. हिवरखेडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच गर्भ पडला. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा मी पस्तिशीला आले होते, म्हणून मॅडमनी एक रक्ताची तपासणी सुचवली. आईच्या हातातून एक नळी रक्त घेतात. त्या रक्तात बाळाचेही बारीक कण तरंगत असतात. बाळाच्या क्रोमोसोममध्ये, म्हणजे गुणसूत्रांत, काही कमीजास्त आहे का, याचा त्यावरून अंदाज येतो. पोटात सुई नाही, बाळाला धक्का नाही.

"पोट्टं हाय का पोट्टी, थे सांगत नाई का यात?" थोरल्या दिरांनी तेव्हाच विचारलं होतं.

"नाही. आणि विचारूही नका, तो गुन्हा आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचं आणि दिरांचं तिथूनच बिनसलं.

दिरांचं नाव सुधाकर. माझे सासरे लवकर गेले. संतोषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, या मोठ्या भावानेच वाढवलं. घरात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. मला दवाखान्यात न्यायलाही तेच येत, संतोष मागे बसे.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "वैशाली, असा रिपोर्ट मी आजवर पाहिला नाही. एखादा क्रोमोसोम जास्त दिसला तर आम्हाला कळतं. इथे बऱ्याच ठिकाणी गडबड दाखवली आहे. बाळ खरंच असं असतं तर ते इतकं वाढलंच नसतं. सोनोग्राफीत तर ते चांगलं दिसतंय. माझा या रिपोर्टवर विश्वास बसत नाही."

दिरांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की बऱ्याच ठिकाणी गडबड आहे.

"विश्वास नाई तं रक्त काढलं काहून?" ते उठलेच. "आमच्या घरात राक्षस जन्माले घालून राहिल्या का तुमी?"

पुढचं मी सांगितलंच आहे.

हिवरखेड

दुसऱ्या दिवशी मॅडमचा मला फोन आला. मला वाटलं, पोलिसात दिलं म्हणून सांगायला केला असेल. त्या म्हणाल्या, "काच गेली ती गेली, कंपाउंडरला टाके पडले, तो बरा आहे. तू ऐक. ही तपासणी चाळणी आहे, निकाल नाही. पोटातलं पाणी तपासल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावरून काही करू नकोस. अमरावतीला माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे जा. माझ्याकडे आता तुमची माणसं यायची नाहीत."

ज्या बाईच्या दवाखान्याचा आमच्या घराने चुराडा केला, तिने दुसऱ्या दिवशी मला फोन केला. आजारपणात देव कुठे भेटला असं कोणी विचारलं तर मी हा फोन सांगते.

मी संतोषला सांगितलं, अमरावतीला जाऊ. तो म्हणाला, दादाले विचारतो. दादांच्या, म्हणजे सुधाकर दिरांच्या, मुलीचं लग्न ठरलं होतं. पाहुणे परतवाड्याचे. घरात असं लेकरू जन्मलं तर खानदानात खोट आहे म्हणतील आणि सोयरीक मोडेल, ही भीती दादांच्या डोक्यात बसली होती. सासूबाईंच्या तोंडीही तेच.

तीन-चार दिवसांनी, दुपारी, मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दादा कुठल्या तरी गावच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन आले. पाठोपाठ संतोष आला. सासूबाई उंबऱ्यात बसल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "थोडंसं दुखीन, बाई. मंग मोकळी होशीन."

मी नाही म्हणाले. पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत दादांनी माझा जबडा धरला होता. इथून पुढे मी त्याला 'ते' म्हणणार नाही. त्याने माझं डोकं मागे भिंतीवर आपटलं, अंगठा गालात खुपसून तोंड उघडलं आणि गोळ्या आत कोंबल्या. मी हातांनी त्याचं तोंड ओरबाडणार होते. हात हलले नाहीत. हात संतोषने धरले होते.

हे वाक्य लिहायला मला बरेच महिने लागले.

संतोष रडत होता. "घे ना वं, वैशू. तुले काही झालं तं मी काय करू? तू मरशीन." रडत होता आणि मनगटं पिळून धरत होता. माझ्या चार बांगड्या फुटून त्याच्याच तळव्यात रुतल्या.

सुधाकरचं बोट माझ्या दातात आलं. मी चावले. रागाने चावतात तशी नाही, हाड लागेपर्यंत चावले. तो किंचाळला. संतोषचे हात सुटले. मी गोळ्या थुंकल्या, पण एक अर्धी विरघळली होती, तिची कडू चव घशात उतरली. तव्यावरची भाकरी मी उलथण्यासकट सुधाकरच्या तोंडावर फेकली आणि मागच्या बाजूला पळाले. मागच्या दाराला आतून कडी असते. ती आधीच काढलेली होती. दाराशी माझी जाऊ, सुनंदाताई, उभी होती. सुधाकरचीच बायको. तिने स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या.

"जाय," ती म्हणाली. "मागं पाहू नको."

त्या दिवशी तिने किती मार खाल्ला ते मला नंतर कळलं.

अकोटची काळीपिवळी जीप, तिथून अमरावती, तिथून तिवसा. सगळ्या रस्त्यात मी मांड्या आवळून बसले होते. मांड्यांत जरा ओलं वाटलं की जीव जायचा. घरी पोचून पाहिलं, तो नुसता घाम होता.

तिवसा

माझी माय तिवशाच्या बाजारात भाजी विकते. बाबा नाहीत. तिने माझा सुजलेला जबडा पाहिला, मनगटं पाहिली. रात्री नुसती हळद लावत राहिली.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी संतोष मला न्यायला आला. सोबत सुधाकर, बोटाला पांढरी पट्टी. माय दुकानावर बसली होती, मी तिच्या मागे. संतोष दोन्ही हात जोडून म्हणाला, "माय, चूक झाली. पाठवा तिले."

मायने तराजूतलं लोखंडी वजन उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकलं. त्याची भुवई फाटली. तो वांग्यांच्या ढिगात पडला. माय दुसरं वजन घेऊन त्याच्या छातीवर बसली, तेव्हा चार जणांनी तिला ओढून काढलं. मी सोडवायला गेले नाही. मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

सगळे ठाण्यात गेलो. सुधाकर आधी बोलायला लागला. "लिवा साहेब, या म्हातारीनं माया भावाचा जीव घ्याचा प्रयत्न केला. पन्नास लोकाईनं पाह्यलं."

हवालदारांनी संतोषकडे पाहिलं. भुवईचं रक्त त्याच्या डोळ्यात ओघळत होतं, रुमाल भिजून टपकत होता. "तुमची तक्रार हाय का?"

संतोषने रुमाल भुवईवरून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "हाय. लिवा. पोट पाडाच्या गोळ्या भावानं आणल्या. तिच्या तोंडात त्यानं टाकल्या. हात मी धरले होते."

"का बे!" सुधाकरने ठाण्यातच त्याच्या फाटलेल्या भुवईवर ठोसा मारला. दोन शिपायांनी त्याला आवळून भिंतीला लावलं. संतोष खुर्चीवरून खाली पडला. तिथूनच पुन्हा म्हणाला, "हात मी धरले होते. माहं नाव बी लिवा."

ती केस अजून चालू आहे. दोघांवरही. दोघेही जामिनावर सुटले.

मी संतोषला त्या दिवशी माफ केलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही केलं. पण तपासणीला अमरावतीला कोण नेईल म्हटल्यावर तो म्हणाला, मी नेतो, बाहेर थांबतो, तुझ्याशी बोलत नाही. माय त्याच्याकडे बघून थुंकली आणि म्हणाली, "गाडी चालवाच्या कामाचा हाय तो."

निदान

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त पुन्हा घेतलं आणि पोटात लांब सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढलं. ती सुई दिसते त्याहून कमी दुखते. ज्या बायका भीतीने नाही म्हणतात त्यांच्यासाठी सांगते. दुखतं ते नंतर, वाट पाहताना. त्या दिवसांत मी मायशी भांडले, शेजारणीशी भांडले. एकदा ताट भिंतीवर फेकलं, कारण वरणात मीठ कमी होतं.

निकाल ऐकायला बोलावलं तेव्हा केबिनमध्ये एक अनोळखी डॉक्टर बसले होते.

बाई म्हणाल्या, "आधी चांगलं सांगते. पाण्यातून बाळाचे सगळे क्रोमोसोम तपासले. सरळ आहेत. बाळ निरोगी आहे."

माय टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मी नाही रडले, कारण ते दुसरे डॉक्टर माझ्या मानेकडे पाहत होते.

"पण तुमच्या रक्ताचा दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला," बाई म्हणाल्या. "त्या नळीत बाळाचे कण असतात आणि तुमचेही. तुटलेलं-मोडलेलं जे दिसतंय ते बाळाचं नसेल, तर ते तुमचं आहे."

"माहं?"

"वैशालीताई," ते डॉक्टर हळू म्हणाले, "अंगाला खाज येते का तुमच्या?"

मी साडी पोटरीपर्यंत वर केली. दोन्ही पाय खाजवून खाजवून सोलले होते. सासूबाई म्हणायच्या, गरमी हाय गर्भाची. पहाटे उशी पिळून काढावी इतका घाम यायचा, तेही गर्भाचंच समजून मी गप्प होते. आणि डाव्या बाजूला गळ्याच्या हाडावर एक गाठ होती. महिनोन् महिने स्वतःच्या ब्लाऊजचा गळा एका बाजूला टोचायचा. मी शिवणारी बाई, मी गळा उसवून मोठा केला.

गाठ काढली, तपासली. कॅन्सर होता. अंगातल्या लसीकाग्रंथींचा, लिम्फोमा म्हणतात. छातीतही होता.

म्हणजे राक्षस होता. दवाखान्यात सुधाकर ओरडला ते खोटं नव्हतं. फक्त तो बाळात नव्हता, माझ्यात होता. आणि त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर बाळ गेलं असतं आणि रिपोर्टही विसरला गेला असता. सगळे म्हणाले असते, सुटलो. मग वर्षभरात मीही गेले असते.

हे मी बाहेर येऊन संतोषला सांगितलं. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि स्वतःचं डोकं कठड्यावर आपटायला लागला. एकदा, दोनदा. मी थांबवलं नाही. तिसऱ्यांदा मायने त्याच्या केसांना धरून त्याला उभं केलं. "बस झाली नौटंकी. गाडी काढ."

औषध

पोटात बाळ असताना केमो देता येते, हे मला माहीत नव्हतं. पहिले तीन महिने उलटले की काही औषधं चालतात, असं डॉक्टरांनी दहा वेळा समजावलं. दहाही वेळा मला वाटलं, हे खोटं बोलून राहिले. पहिल्या दिवशी सलाईनमधून लाल औषध उतरायला लागलं तेव्हा मी सुई उपटून काढली. रक्ताची धार सिस्टरच्या अंगावर गेली. "माह्या लेकराले जहर देऊन राहिले तुमी!" मी सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला.

सिस्टर रागावली नाही. तिने ओला कापूस माझ्या हातावर दाबला, डॉक्टरांकडून पोटावर लावायचं छोटं यंत्र आणलं आणि बाळाचे ठोके मोठ्या आवाजात लावून ठेवले. "आता ऐकत ऐकत घे," म्हणाली. औषध संपेपर्यंत ते ठोके चालू होते. वॉर्डातले सगळे ऐकत होते. शेजारच्या खाटेवर कौंडण्यपूरकडचे एक आजोबा होते, घशाचा कॅन्सर, बोलता येत नव्हतं. ते ठोक्यांच्या तालावर खाटेच्या दांडीवर बोट वाजवत राहिले.

बाकीचं लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिते, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ओकारी अशी यायची की बरगड्या मोडतील वाटायचं. तोंडात फोड. केस गेले तेव्हा मी मायच्या घरातला आरसा दगडाने फोडला. मायने तुकडे झाडले आणि नवा आणला, मी तोही फोडला. तिसरा तिने आणलाच नाही. मला ज्याचा त्याचा राग यायचा. पोटातल्या बाळाचाही यायचा, हे सगळ्यात वाईट. आणि औषधाच्या दुसऱ्या दिवशी, मी मेल्यासारखी पडलेली असताना, ते आतून अशा लाथा मारायचं की पोट एका बाजूला तिरपं व्हायचं.

"मार," मी म्हणायचे. "मार, बाप्पा. तू तरी मार."

संतोष दर वेळी गाडी घेऊन यायचा. त्याने हिवरखेड सोडलं होतं, अमरावतीत एका कृषी केंद्रावर काम धरलं होतं. मी त्याच्याशी बोलत नव्हते. ओकारीची बादली मात्र त्यालाच धरायला लावायचे. माय धरायला आली तर मी म्हणायचे, "तू राहू दे. त्याले धरू दे." एकदा बादलीत न ओकता मुद्दाम त्याच्या अंगावर ओकले. तो शर्ट धुऊन, ओलाच घालून परत येऊन उभा राहिला.

मुलगी

वेळेच्या थोडं आधी, कळा आणून बाळंत केलं. मुलगी झाली. लहानशी, लाल, संतापलेली. तिच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि माझ्या डोक्यावर एकही नाही. सिस्टर हसली, मीही हसले, आणि मग दूध आलं.

उरलेली औषधं अजून घ्यायची होती, त्यामुळे दूध पाजायचं नव्हतं. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. छातीला सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे दगड झाले, अंगात ताप भरला. ती पलीकडे भुकेने किंचाळायची, आणि तिच्या आवाजानेच माझा गाऊन भिजायचा. मायने जुन्या सुती लुगड्याने माझी छाती करकचून बांधली, गाठ मारताना गुडघा लावून ओढलं. मी दातात उशी धरली. सगळ्या आजारात मला कोणी विचारलं की जास्त काय दुखलं, तर सुई नाही, गाठ नाही. ते लुगडं.

सुनंदाताई एकदा आली, एकटी, बसने. नवऱ्याला न सांगता. बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "लग्न झालं पोरीचं. पाहुण्यांनी काही विचारलंच नाही." मग तिने बाळाचे पाय चोळायला तेल मागितलं.

जिच्या हातात असा रिपोर्ट आहे तिला मला एवढंच सांगायचं आहे. तो कागद बाळाबद्दल बोलतो असं सगळे सांगतील. त्या नळीत तूही आहेस. स्वतःची गाठ, स्वतःची खाज, स्वतःचा घाम डॉक्टरांना सांग. आणि कोणी बळजबरी केली तर चाव.

शेवटचा स्कॅन

सगळी औषधं संपल्यावर स्कॅन झाला. अमरावतीत, सकाळी. मुलगी तेव्हा बसायला शिकत होती. डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ आहे. दर काही महिन्यांनी येत राहायचं, पण आज स्वच्छ आहे."

मी जिना उतरले. मागे माय, तिच्या कडेवर पोट्टी. खाली गाड्या लावायच्या जागेत संतोष उभा होता. माझ्या तोंडावरून त्याला काही कळेना. "काय म्हणले?" त्याने विचारलं.

मी त्याच्या कानशिलात मारली.

मग दुसरी. मग मी थांबलेच नाही. हाताने, पर्सने, पायातली चप्पल काढून चपलेने. पाठीवर, डोक्यात, जिथे लागेल तिथे. त्याने हात वर केले नाहीत. लोक जमले. माझा स्कार्फ सुटून खाली पडला, नुकते उगवलेले बोटभर केस उघडे पडले. मला फिकीर नव्हती. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही.

गेटवरचा गार्ड धावत आला. "ओ बाई! काय करून राहिल्या? काय झालं?"

मी धापा टाकत थांबले. "काही नाई," मी म्हणाले. "रिपोर्ट चांगला आला."

त्याला काही समजेना. "मंग मारता काहून त्याले?"

मायने पोट्टीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मारू दे बापू तिले," ती म्हणाली. "आतापरेंत एवढी ताकत कुठी होती तिच्या अंगात."